तीन महिन्यांचे पिल्लू फटके न देता शिकेल का?

कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आणलेले आपले तीन महिन्यांचे लॅब्राडोर पिल्लू घरभर शू करते, हातापायांना चावते आणि ‘दोन फटके दिल्याशिवाय ते शिकणार नाही’ असे घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, म्हणून आपण हा प्रश्न विचारला आहे. माझ्या घरात अनेक वर्षे कुत्री आहेत आणि त्या अनुभवावरून मी ठामपणे सांगतो की फटका देऊ नये. शू करून झाल्यावर काही मिनिटांनी दिलेल्या फटक्याचा संबंध पिल्लाला त्या शूशी जोडताच येत नाही. माणूस जवळ आला की मार बसतो एवढेच त्याला कळते, आणि मग ते सोफ्यामागे लपून शू करू लागते.

या वयाचे पिल्लू दिवसा साधारण तीन तासांपेक्षा जास्त वेळ शू रोखू शकत नाही. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला लगेच ठरलेल्या जागी न्यावे. खेळता खेळता ते अचानक थांबते, फरशी हुंगत एकाच ठिकाणी गोल फिरू लागते; तोच क्षण पकडावा आणि त्याला उचलून न्यावे, कारण लिफ्टपर्यंत चालत नेल्यास वाटेतच काम उरकलेले असते. शू पूर्ण झाली की तिथल्या तिथे, एक-दोन सेकंदांत, कौतुक करून खाऊ द्यावा. घरात येऊन डब्यातून काढून दिलेला खाऊ त्याला घरात आल्याबद्दल मिळाला असे वाटते. शू झालेली फरशी अमोनिया असलेल्या द्रावणाने पुसू नये. तो वास लघवीसारखाच असल्याने पिल्लू पुन्हा तिथेच जाते.

चावणे हा दुष्टपणा नव्हे. साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत दुधाचे दात पडून पक्के दात येत असतात आणि हिरड्या शिवशिवतात. हात झटकन मागे ओढला की पिल्लाला तो खेळच वाटतो, म्हणून हात स्थिर ठेवावा, खेळ थांबवावा आणि चावण्याजोगे खेळणे पुढे करावे. फ्रीजमध्ये गार केलेले ओले फडके चावायला दिले तरी चालते, मात्र तेव्हा आपण समोर बसावे.

‘बस’, ‘ये’ हे शब्द घरातल्या सर्वांनी एकच ठेवावेत. आजोबा ‘बस’ म्हणतात, मुले ‘सिट’ म्हणतात आणि जेवताना कोणीतरी गुपचूप पोळीचा तुकडा टाकते, अशा घरात पिल्लाचा गोंधळ उडणारच, आणि खरे सांगायचे तर पिल्लापेक्षा घरच्यांना शिकवणे अधिक अवघड असते. रागवायचे असेल तेव्हा ‘ये’ म्हणून कधीही बोलावू नये.

एक गोष्ट मात्र पुढे ढकलू नका. पिल्लाची नव्या गोष्टींची भीती घालवण्याचा उत्तम काळ साधारण 14 आठवड्यांपर्यंतच असतो, आणि आपल्या पिल्लाच्या बाबतीत तो संपत आला आहे. लसीकरण पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावर खाली सोडू नये, पण कडेवर घेऊन रिक्षा, दुचाक्या, छत्रीवाली माणसे, शाळेतून सुटलेली मुले जरूर दाखवावीत. गणपतीआधी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. तो पिल्लाला लांबूनच ऐकवावा आणि ऐकताना पनीरचे बारीक तुकडे भरवावेत. त्याने खाणे थांबवले, शेपटी पायांत घातली, तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजून लगेच मागे फिरावे.