लाइनमनचं करिअर मोठं होतं हे ठरवायचं कसं?

तुमचा प्रश्न असा: कॅनडात विनिपेगला आल्यापासून इथल्या ब्लू बॉम्बर्स या कॅनेडियन फुटबॉल संघाच्या मॅच बघताय, सगळे त्यांच्या लाइनमन स्टॅन्ली ब्रायंटला महान म्हणतात, पण त्याच्या नावावर ना टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन मिळवलेले गुण), ना चेंडू पुढे नेलेले यार्ड. मग मोठेपण मोजायचं कशावरून?

प्रश्न अगदी रास्त आहे. ऑफेन्सिव्ह लाइनमन, म्हणजे चेंडू आपल्या संघाकडे असताना समोरच्यांना अडवणाऱ्या पाचजणांपैकी एक, चेंडूला जवळपास हात लावत नाही. विकेटकीपरसारखंच, त्याचं नाव समालोचकाच्या तोंडी आलं की बहुधा काहीतरी चुकलेलं असतं. म्हणून मी त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसांचं काय झालं ते बघतो.

ब्रायंट मूळचा अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाचा. 2010 मध्ये तो कॅलगरीच्या संघात आला आणि 2015 पासून विनिपेगचा लेफ्ट टॅकल, म्हणजे लाइनच्या डाव्या कडेचा माणूस, झाला. तो कॅलगरीत असताना जॉन कॉर्निश 2012 ते 2014 सलग तीन वर्षं चेंडू घेऊन धावण्याच्या यार्डांत लीगमध्ये पहिला होता. विनिपेगमध्ये अँड्र्यू हॅरिसने 2017 ते 2019 तेच केलं आणि पुढे 2023 व 2024 मध्ये ब्रेडी ओलिवेराने. दोन शहरं, तीन वेगळे धावपटू, आणि तिन्ही वेळी संघात हाच टॅकल. पाचजणांच्या लाइनचं सगळं श्रेय एकाला देता येत नाही हे मान्य. पण इतक्या वर्षांत त्या लाइनमधली बाकीची माणसं बदलत गेली, हेही धरायला हवं.

त्याहून मला झॅक कोलारोसचं उदाहरण महत्त्वाचं वाटतं. तो क्वार्टरबॅक, म्हणजे मागून पास फेकणारा, आणि त्याला मारापासून वाचवणं हे लाइनचं काम. 2019 च्या पहिल्याच सामन्यात सस्कॅचवानकडून खेळताना त्याच्या डोक्याला जबर मार बसला. आधीही असे मार बसलेले, त्यामुळे त्याचं करिअर संपलं असंच अनेकांनी धरलं होतं. टोरांटोमार्गे तो त्याच मोसमात विनिपेगला आला आणि नोव्हेंबरमध्ये संघाने हॅमिल्टनला 33-12 हरवून 1990 नंतरचा पहिला ग्रे कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला. 2021 मध्ये कप राखला. 2021 आणि 2022 मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू कोलारोस, आणि दोन्ही वर्षी सर्वोत्तम लाइनमन ब्रायंट! 2017 आणि 2018 धरून हा पुरस्कार त्याला चार वेळा मिळाला. चार वेळा मिळवणारा तो पहिलाच.

आता कॅनडाच्या नियमांत हे काम अवघड का, ते बघा. इथे बचावाची फळी चेंडूपासून एक यार्ड मागे उभी राहते, म्हणजे समोरचा माणूस वेग घेऊनच अंगावर येतो. मैदान 65 यार्ड रुंद आणि डाउन (10 यार्ड पुढे जाण्यासाठीचे प्रयत्न) तीनच, त्यामुळे पासवर भर जास्त. टॅकलला साधारण 140 किलोचं अंग घेऊन तिरकं मागे सरकावं लागतं, पाय एकमेकांत अडकू न देता. हात समोरच्याच्या छातीवर, खांद्यांच्या आत. हात बाहेर गेले आणि जर्सी पकडली की पंचाचं नारिंगी फडकं पडतं, 10 यार्ड मागे. ब्रायंटचं बघण्यासारखं काय, तर तो घाई करत नाही. समोरचा आधी कुठे वळतो ते बघतो आणि मगच हात मारतो.

आणखी एक गोष्ट. संघात ठराविक संख्येने कॅनेडियन खेळाडू सुरुवातीपासून उतरवावेच लागतात. बरेच संघ ही संख्या लाइनच्या आतल्या जागांवर भरतात आणि कडेच्या टॅकलला अमेरिकन घेतात. म्हणून परदेशी टॅकलची जागा कायम धोक्यात असते. दर वर्षी अमेरिकेतून नवा, तरुण, स्वस्त माणूस शिबिरात येतो. अशा जागी दशकभर टिकणं मला पुरस्कारांपेक्षा मोठं वाटतं.

तुलनेसाठी विनिपेगचाच जुना टॅकल क्रिस वॉल्बी घ्या. मुलगा इथलाच, 1981 ते 1996 खेळला, 1984, 1988 आणि 1990 चे ग्रे कप जिंकले, 2003 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. जुन्या प्रेक्षकांशी दोघांपैकी सरस कोण यावर वाद घालून बघा, संध्याकाळ जाईल. माझं मत ब्रायंटच्या बाजूने आहे, ते पास अडवण्याच्या कामावरून.

टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे धावतो, त्यात हे दिसत नाही. स्टेडियमवर जाल तेव्हा एंड झोनच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याच्या, मागचं, वरच्या रांगेतलं तिकीट काढा. स्वस्तही असतं, आणि लाइनमधल्या फटी कशा उघडतात ते तिथूनच नीट दिसतं. पहिली काही मिनिटं चेंडू विसरून फक्त लेफ्ट टॅकलचे पाय बघा.