मेरखंड की खंडमेरू?

प्रश्न असा आला आहे : दादरच्या गाण्याच्या क्लासात बाई 'मेरखंड' म्हणतात, ग्रंथात 'खंडमेरू' सापडतो, बरोबर काय? आणि त्यातून ५०४० राग निघतात का?

दोन्ही शब्द बरोबर, फक्त वापर वेगळा. खंडमेरू हा आकड्यांचा तक्ता. देवगिरीच्या यादवांचं हिशेबाचं खातं सांभाळणाऱ्या शार्ङ्गदेवाने १३व्या शतकात तो 'संगीतरत्नाकरा'त दिला. सात स्वर एकेकदाच घेऊन किती क्रमांनी मांडता येतील? ७×६×५×४×३×२×१, म्हणजे ५०४०. या मांडणीला प्रस्तार म्हणतात, आणि क्रम मोडलेल्या तानेला कूटतान.

तीन स्वरांचा प्रस्तार असा : सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. शेवटचा स्वर बघत चला : दोनदा ग, दोनदा रे, दोनदा सा. ही शिस्त असल्यामुळे सगळा प्रस्तार न लिहिताही तानेचा क्रमांक काढता येतो. तक्त्याच्या पहिल्या स्तंभात १, दुसऱ्यात ० आणि १, तिसऱ्यात ०, २, ४, चौथ्यात ०, ६, १२, १८. आता 'रेगसा' घ्या. शेवटी सा, तो 'सारेग' या मूळ क्रमात ग-पासून मागे मोजत तिसरा, म्हणून तिसऱ्या स्तंभातलं तिसरं घर : ४. उरलेल्या 'रेग'च्या शेवटी ग, त्याचं दुसऱ्या स्तंभातलं पहिलं घर : ०. राहिलेल्या रे-चा १. बेरीज ५, वर मोजून बघा. याचं नाव 'उद्दिष्ट'. उलट, क्रमांकावरून तान शोधायची तर ते 'नष्ट'. सातही स्तंभांच्या तळचे आकडे मिळवले, १+१+४+१८+९६+६००+४३२०, की नेमके ५०४० येतात. हिशेबनिसालाच सुचावं असं काम!

छंदशास्त्रातला मेरू, म्हणजे आकड्यांचा त्रिकोणी तक्ता, दोन्ही अंगांनी सारखा उतरतो, हा एकाच अंगाने. म्हणून 'खंड' असावं, असा माझा तर्क.

मेरखंड किंवा मेरुखंड हा गवयांच्या तोंडचा शब्द. मुंबईत तो छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ या भावांच्या भेंडीबाजार घराण्याशी जोडलेला आहे. तिथे त्याचा अर्थ गाण्याची रीत : मोजके स्वर घ्यायचे, त्यांचे क्रम फिरवत आलाप वाढवायचा, रागाला न मानवणारे क्रम सोडून द्यायचे. तेव्हा बाईंना दुरुस्त करायला जाऊ नका.

५०४० रागांचं मात्र खरं नाही. कूटतानांत स्वर तेच राहतात, क्रम बदलतो. थाटात, म्हणजे राग ज्याखाली मांडतात त्या सात स्वरांच्या संचात, क्रम ठरलेला, निवड बदलते : सा आणि प अचल, बाकी पाच स्वरांची प्रत्येकी दोन रूपं, त्यांतलं एकेक घ्यायचं; २×२×२×२×२ = ३२. त्यांतले दहाच वाळकेश्वरात जन्मलेल्या संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंड्यांनी रागांच्या वर्गीकरणासाठी ठेवले.