डी. बी. कूपर कोण होता? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

कूपर केसवर इतके प्रश्न आलेत की आजचा अख्खा कॉलम त्यालाच देतोय. ज्यांना केस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २४ नोव्हेंबर १९७१, अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या आदला दिवस. पोर्टलंडहून सिअ‍ॅटलला जाणाऱ्या नॉर्थवेस्ट ओरिएंटच्या ३०५ नंबरच्या फ्लाइटमध्ये डॅन कूपर या नावाने कॅश देऊन तिकीट काढलेला, सूट-टाय घातलेला, पंचेचाळिशीच्या आसपासचा एक माणूस बसला, त्याने एअर होस्टेसला चिठ्ठी दिली की माझ्याकडे बॉम्ब आहे, ब्रीफकेस जरा उघडून आतल्या वायरी आणि लाल कांड्या दाखवल्या आणि दोन लाख डॉलर आणि चार पॅराशूट मागितले. सिअ‍ॅटलला दोन्ही मिळाल्यावर ३६ प्रवासी सोडून दिले, स्टाफमधले चार जण ठेवले, विमान मेक्सिकोच्या दिशेने न्यायला लावलं आणि रात्री आठनंतर कधीतरी त्या बोइंग ७२७ चा मागचा जिना उघडून पावसाळी अंधारात उडी मारली. तो कोण होता, जगला की मेला, आजपर्यंत सिद्ध झालेलं नाही. एफबीआयने जुलै २०१६ मध्ये सक्रिय तपास थांबवला, तेव्हापासून ही केस खरं तर हौशी तपास करणाऱ्यांच्याच हातात आहे.

मी बँकेत कॅशिअर होतो. सगळ्या नोटांचे नंबर नोंदवले होते म्हणता, मग एकही नोट बाजारात कशी आली नाही? आणि नदीकाठी सापडलेले पैसे तिथे गेले कसे? (निवृत्त कॅशिअर, सांगली)

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच जास्त चांगलं द्याल. वीस डॉलरच्या दहा हजार नोटा होत्या, साधारण साडेनऊ किलोचं ओझं, आणि हो, नंबर सगळे नोंदवलेले होते, यादी बँकांना, कॅसिनोंना वाटलेली होती. पण १९७२ साली काउंटरवर रांग लागलेली असताना समोर आलेली वीसची नोट कोण दहा हजार नंबरांच्या यादीत शोधत बसणार, तेही हाताने? त्यामुळे "नोटा आल्या नाहीत म्हणजे तो मेलाच" असं जे लोक छातीठोक सांगतात ते मला पटत नाही. नोटा आल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही, इतकंच आपण म्हणू शकतो.

नदीचा प्रश्न मात्र या केसचा गाभा आहे, तिथे जरा थांबू या. फेब्रुवारी १९८० मध्ये कोलंबिया नदीच्या काठी टीना बार नावाच्या वाळूच्या पट्ट्यावर एक कुटुंब सहलीला आलेलं असताना आठ वर्षांच्या मुलाला शेकोटीसाठी वाळू सारताना तीन गड्ड्या सापडल्या. ५,८०० डॉलर, कडा कुजलेल्या, पण रबर बँड अजून गुंडाळलेले, नंबर कूपरच्या यादीतले. आता गंमत बघा, सुरुवातीपासून एफबीआयचा भर होता की उडी एरियल नावाच्या गावाच्या आसपास पडली असणार. एरियलचं पाणी लुइस नदीत जातं आणि लुइस कोलंबियाला मिळते ती टीना बारच्या *खाली*. म्हणजे एरियलला पडलेली गड्डी टीना बारला यायची तर तिला प्रवाहाच्या उलट पोहावं लागेल. म्हणून मग काही जण म्हणतात विमानाचा मार्ग आपण समजतो त्यापेक्षा पूर्वेला होता आणि पैसे वॉशुगल नदीतून आले, कारण ती टीना बारच्या वरच्या बाजूला मिळते. काही म्हणतात कुणीतरी नंतर पुरले. काही म्हणतात १९७४ ला नदीतला गाळ उपसून काठावर टाकला त्यातून आले, पण त्यालाही हरकती आहेत, कारण रबर बँड इतकी वर्षं उघड्यावर टिकत नाहीत.

२०२० मध्ये त्या नोटांवरच्या डायॅटमचा, म्हणजे पाण्यातल्या अगदी सूक्ष्म शेवाळाचा, अभ्यास छापून आला. नोटांवर सापडलेल्या जाती वसंतात फोफावणाऱ्या निघाल्या, नोव्हेंबरातल्या नाहीत. म्हणजे नोटा उडीच्या रात्रीच पाण्यात पडून भिजल्या असं दिसत नाही, त्या आधी कुठेतरी कोरड्या होत्या आणि काही महिन्यांनी, निदान पुढच्या वसंतात, पाण्यात गेल्या. माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांत या केसमध्ये आलेला हा सगळ्यात भक्कम पुरावा आहे, आणि वाईट याचं वाटतं की "माझा संशयित खरा" म्हणणारे बहुतेक लोक टीना बारबद्दल एक ओळ लिहितात आणि पुढे जातात. ज्याच्या थिअरीत या तीन गड्ड्या बसत नाहीत त्याची थिअरी अर्धीच आहे.

रिचर्ड मॅकॉय हाच कूपर, यात आता शंका कसली? त्याच्या घरचं पॅराशूटही मिळालंय. (कॉलेज विद्यार्थी, पुणे)

शंका भरपूर आहे, आणि तुझं मन का तिथे जातं तेही कळतं. एप्रिल १९७२ मध्ये मॅकॉयने दुसरं एक ७२७ हायजॅक केलं, पाच लाख डॉलर घेतले, मागच्या जिन्यातून युटाह राज्यात उडी मारली आणि दोन दिवसांत पकडला गेला. पुढे ४५ वर्षांची शिक्षा, १९७४ ला जेलमधून पळाला, एफबीआयच्या गोळीबारात मेला. पद्धत तीच, हिंमत तीच, पॅराशूटची ट्रेनिंगही होती. त्याच्या कुटुंबाच्या जागेतलं पॅराशूट तपासायला नेल्याच्या बातम्या २०२४ च्या शेवटी आल्या, त्यावरून परत सगळं पेटलं.

पण कूपरच्या उडीच्या वेळी मॅकॉय २८ वर्षांचा होता. ज्या एअर होस्टेसनी कूपरला अगदी जवळून पाहिलं, एक तर त्याच्या शेजारी तासन् तास बसून होती, त्यांनी वेगवेगळं विचारल्यावरही वर्णन जवळजवळ सारखं दिलं, चाळिशीतला माणूस. एफबीआयने मॅकॉयला बाजूला काढलं त्याचं पहिलं कारण हेच. साक्षीदार चुकतात हे मान्य, मीही फॉरेन्सिकमध्ये असताना चुकलेले साक्षीदार खूप पाहिलेत, पण ते चुकतात तेव्हा सहसा सगळे एकाच दिशेने आणि एवढ्या फरकाने चुकत नाहीत. शिवाय कूपरची बातमी जगभर झाल्यावर तीच पद्धत वापरणारा मॅकॉय एकटा नव्हता, १९७२ मध्ये आणखीही काही जणांनी असंच करून पाहिलं. म्हणजे "पद्धत सारखी" हा पुरावा मॅकॉयसाठी जेवढा लागू होतो तेवढाच बाकीच्यांनाही होतो, मग उरतं काय? पॅराशूट तपासून काही ठोस निघालं तर मी माझं मत आनंदाने बदलेन. तोवर नाही.

टायवर टायटॅनियम सापडलं म्हणजे तो बोइंगमध्ये कामाला होता हे नक्की ना? आमच्या ग्रुपने त्यावरून तीन नावं काढलीत. (इंजिनिअर, ठाणे)

नक्की नाही. टाय हा आपल्या हातातला सगळ्यात बोलका मुद्देमाल आहे हे खरं. काळा, क्लिपवाला, जेसी पेनी या दुकानसाखळीतला, उडी मारण्याआधी त्याने काढून सीटवर ठेवलेला. हौशी शास्त्रज्ञांच्या टीमने त्यावरचे कण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिले आणि शुद्ध टायटॅनियम मिळालं, जे तेव्हा फार कमी ठिकाणी वापरात होतं, सोबत आणखी काही विरळ धातू. काम उत्तम झालंय, मला त्या लोकांबद्दल मनापासून आदर आहे.

पण टाय त्याचाच होता कशावरून? सेकंडहँड घेतला असेल, मागून आणला असेल. आणि हा टाय पुढची कित्येक वर्षं किती टेबलांवर, किती हातांत फिरला? त्यावरून काढलेला डीएनएसुद्धा अर्धवट आहे आणि एकाहून जास्त माणसांचा मिसळलेला आहे, त्यामुळे "डीएनए जुळला नाही" म्हणून कुणाला सोडतानाही जपून. खरा डीएनए मिळाला असता तो सिगारेटच्या थोटकांवर, रॅले ब्रँडची आठ थोटकं त्याने मागे सोडली होती, ती जपली गेली नाहीत, हरवली. एवढ्या मोठ्या केसमधला मुद्देमाल असा जातो हे वाचून मला आजही राग येतो.

तुमच्या तीन नावांबद्दल, कृपा करून ती मला पाठवू नका. तुम्ही धातूवरून कारखान्यावर गेलात, कारखान्यावरून कामगारांवर आणि कामगारांतून ज्यांचा चेहरा साक्षीदारांच्या वर्णनावरून काढलेल्या कूपरच्या स्केचसारखा दिसला ते उचललेत. प्रत्येक पायरीवर "असेल" होतं, शेवटी "आहे" झालं.

एवढ्या थंडीत, सूट आणि साधे बूट घालून उडी मारून माणूस जगेल का?

जगू शकतो. १९७२ मध्ये कूपरची नक्कल करून पाच जणांनी जेट विमानातून उड्या मारल्या आणि पाचही जिवंत राहिले, त्यातला एक तर काउबॉय बूट घालून कोलोरॅडोच्या बर्फात उतरला होता. कूपरने विमान दहा हजार फुटांच्या खाली, चाकं बाहेर, फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, १५ अंशांवर ठेवायला सांगितलं, म्हणजे वेग कमी राहील. हे त्याला माहीत होतं. पण दुसऱ्या बाजूला, दिलेल्यातलं एक राखीव पॅराशूट ट्रेनिंगचं, शिवून बंद केलेलं होतं आणि विमानात ते सापडलं नाही, म्हणजे बहुधा तेच घेऊन गेला. विमानाचा जाणकार होता, पॅराशूटचा कितपत होता सांगता येत नाही. मी "जगला" आणि "मेला" दोन्ही उघडं ठेवतो.

आज सापडला तर शिक्षा होईल का, की मुदत संपली? (वकिलीची विद्यार्थिनी, औरंगाबाद)

पाच वर्षांची मुदत संपायच्या तोंडावर, नोव्हेंबर १९७६ मध्ये, पोर्टलंडच्या ग्रँड ज्युरीने (आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) नाव माहीत नसलेल्या माणसावरच, जॉन डो ऊर्फ डॅन कूपर म्हणून, आरोप ठेवला. त्यामुळे कागदोपत्री केस जिवंत आहे. तो जिवंत असला तर आज शंभरीच्या आसपास असेल.

मेलेल्या माणसाचं नाव संशयित म्हणून घेतलं तर कुणाचं काय बिघडतं? चर्चाच तर करतोय. (नागपूर)

या प्रश्नावर मी जरा कडक बोलणार आहे. केसच्या पहिल्याच दिवशी पोर्टलंडच्या पोलिसांनी डी. बी. कूपर नावाच्या एका स्थानिक माणसाची चौकशी केली, काही निघालं नाही, सोडून दिलं. पण घाईगडबडीत बातमीत नाव गेलं ते त्याचं. तिकिटावर डॅन कूपर आहे, डी. बी. कुठेच नाही, तरी पन्नासहून जास्त वर्षं अख्खं जग त्याच नावाने ही केस ओळखतंय. ज्याचा काडीचा संबंध नव्हता त्याची आद्याक्षरं! एका दिवसाच्या चर्चेने एवढं होतं.

पहिल्या पाच वर्षांतच एफबीआयने ८०० हून जास्त संशयित तपासले आणि दोन डझन सोडून बाकी सगळे बाद केले. त्यातल्या प्रत्येकाला घर होतं, पोरं होती. त्यानंतर कुणाच्या नवऱ्याने मरताना "मीच डॅन कूपर" म्हटलं, कुणाच्या भावाला वाटलं की टीव्हीत दाखवतात तो आपलाच भाऊ, कुणाच्या पुतणीला लहानपणीचं काहीतरी आठवलं. मरणाच्या दारात दिलेला कबुलीजबाब ऐकायला जबरदस्त वाटतो, पण तसं म्हणणाऱ्याचे ठसे जुळले नाहीत. नाव घ्यायचंच असेल तर आधी स्वतःला उलटा प्रश्न विचारा, कुठली गोष्ट समोर आली तर मी हे नाव सोडून देईन? उत्तर सुचत नसेल तर तुम्ही तपास करत नाही, तुम्ही एका घराच्या मागे लागलाय. मेलेला माणूस उत्तर देऊ शकत नाही, मग त्याच्या वतीने त्याच्या सुनेने, नातवाने द्यायचं का?

अमेरिकेतल्या एका हायजॅकवर एवढं डोकं लावतो, आपल्या सायनच्या स्टोनमॅनवर कुणीच का बोलत नाही? (सायन, मुंबई)

तुमचा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागला. १९८५ ते १९८७ या काळात सायन-किंग्ज सर्कल भागात रात्री फुटपाथवर एकट्या झोपलेल्या माणसांना डोक्यात मोठा दगड घालून मारलं गेलं, निदान बारा जण. १९८९ मध्ये कोलकात्यात तसेच खून झाले, तिथल्या पेपरांनी स्टोनमॅन हे नाव रूढ केलं. दोन्हीकडे एकच माणूस होता का, एकाची पद्धत दुसऱ्याने उचलली का, की मुंबईतच एकाहून जास्त लोक होते, काहीच सिद्ध झालं नाही.

कूपरवर वाद घालता येतो कारण वाद घालायला कागद आहेत. एफबीआयने हजारो पानं खुली केलीत, वर्णनं आहेत, नोटांचे नंबर आहेत, टाय आहे. सायनला मेलेल्यांपैकी बहुतेकांची ओळखसुद्धा पटली नाही, पाठपुरावा करायला नातेवाईक आले नाहीत, आणि त्या खुनांमागे एकच हात असावा हे लक्षात यायलाच वेळ गेला. खुनासाठी दगड तिथलाच, झोपलेला माणूस एकटा, लुटायला काही नाही, साक्षीदार जवळपास नाही, अशा केसमध्ये नेहमीच्या पोलीस तपासाला धरायला दोराच मिळत नाही.

तरी हौशी माणसाला इथे करण्यासारखं काम आहे आणि ते संशयित शोधण्याचं नाही. जुन्या ग्रंथालयांत १९८५ ते ८७ चे मराठी पेपर आहेत, त्यांच्या आतल्या पानांवर दोन-तीन ओळींच्या बातम्या असतील, अमुक पुलाखाली अनोळखी इसमाचा मृतदेह. तुम्ही सायनचेच आहात, गल्ल्या तुम्हाला माहीत आहेत. तारीख, वार, जागा, दगड कुठून उचलला असं लिहिलंय का, आणि मेलेल्याबद्दल मिळेल ते सगळं एका वहीत उतरवा, दोन-तीन जण मिळून वाटून घ्या. अशी यादी झाली तर मला कळवा, नकाशावर मांडायला मी स्वतः बसतो तुमच्याबरोबर.