पोलीस भरतीचं १६०० मीटर ५:४० वरच अडकलंय, काय करू?

रोज सकाळी पूर्ण १६०० जीव तोडून पळतोस आणि दोन महिने झाले वेळ हलत नाही, असं लिहिलंयस. अडचण तिथेच आहे. ही रोजची परीक्षा झाली, सराव नाही.

पैकीच्या पैकी २० गुणांसाठी ५ मिनिटं १० सेकंद लागतात, म्हणजे ४०० मीटरची प्रत्येक फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत. तुझी सध्या ८५ ला पडते. आठवड्यातून एकदा ४०० च्या सहा फेऱ्या मार, प्रत्येक ८० ते ८२ सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालणं. सहावी फेरी पहिलीएवढीच आली पाहिजे. मैदानावर पोरं नेमकी इथेच चुकतात: शिट्टी वाजली की शंभर मीटरसारखी सुटतात, आणि तिसऱ्या फेरीत खांदे कानाला टेकलेले, मुठी आवळलेल्या. तेव्हा हात सैल सोड, नजर समोर ठेव.

आणखी एक दिवस २०० मीटर आठ वेळा पळ. चार दिवस मात्र ३०-४० मिनिटं इतकं सावकाश पळ, की शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. हे कुणालाच पटत नाही, पण दम याच पळण्यातून वाढतो. सातव्या दिवशी पूर्ण आराम. घड्याळ लावून १६०० तीन आठवड्यांतून एकदाच.

नडगी दुखत असेल तर डांबरी रस्ता सोड, मातीवर ये. बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल, तर पळणं लगेच थांबव आणि डॉक्टरांना दाखव. हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते.