सरकारी कर्मचाऱ्यांची हॉटेलमधली सवलत नेमकी कुणाला मिळायला पाहिजे?

तुम्ही विचारलंय की तुमची बहीण आरोग्य खात्यात कंत्राटी नर्स आहे, ट्रेनिंगला बाहेरगावी गेली तेव्हा हॉटेलवाल्यानं कार्ड बघून "तुम्ही पर्मनंट नाही, गव्हर्नमेंट रेट बसत नाही" म्हणून सांगितलं, मग ही सवलत असते तरी कुणासाठी. मी बेळगावात एका लॉजच्या काउंटरला बसतो, बरीच वर्षं झाली, आयकार्ड पुढं करून "काय कमी होतंय काय बघा की" म्हणणारी माणसं रोज बघतो, त्यामुळं ह्यात माझं मत एकदम पक्कं आहे. सरकारच्या कामासाठी जो घर सोडून आलाय त्याला सवलत मिळालीच पाहिजे, मग तो पर्मनंट असूदे, कंत्राटी असूदे नाहीतर मानधनावरचा असूदे. आणि बायकापोरांना घेऊन फिरायला आलेल्याला नको, कितीबी मोठा साहेब असला तरी.

आधी एक सांगतो, प्रायव्हेट हॉटेलनं ही सवलत द्यायलाच पाहिजे असा काही कायदा नाही. मालक आपणहून देतात कारण सोमवार ते गुरुवार खोल्या रिकाम्या पडतात आणि सरकारी माणूस नेमका त्याच दिवसांत येतो, एकदा सोय नीट झाली की परत येतो, ऑफिसातल्या चार जणांना सांगतो. पण त्या माणसाच्या बाजूनं बघितलं तर खरं कारण वेगळंच आहे. दौऱ्यावरच्या माणसाला खोलीसाठी सरकार जे पैसे देतं त्याला मर्यादा असते. केंद्र सरकारचंच घ्या, सातव्या वेतन आयोगानंतर 2017 मधे जे दर ठरले त्यात पगाराच्या लेव्हल 14 आणि वरच्यांना, म्हणजे मोठ्या साहेबांना, हॉटेलसाठी दिवसाला 7,500 रुपयांपर्यंत, 12-13 ला 4,500, 9 ते 11 ला 2,250, मग एकदम खाली, 6 ते 8 ला 750 आणि लेव्हल 5 पर्यंतच्यांना फक्त 450. महागाई भत्ता 50 टक्क्यांनी वाढला की ही मर्यादा 25 टक्क्यांनी वाढवायची असं त्यात आहे, तरी 450 चे किती होणार, साडेपाचशेच्या थोडं वर. त्यात बेळगावात अटॅच बाथरूमची, स्वच्छ चादरीची, गरम पाण्याची खोली कुठं मिळते सांगा. वरचे पैसे तो खिशातनं घालतो. म्हणजे हजाराची खोली आम्ही सातशेला दिली तर तीनशे रुपये त्याच्या पगारातले वाचतात, आणि मोठ्या साहेबाला दिली तर त्याच्या खिशाला काही फरक पडत नाही, बिल सरकारच भरणार असतं.

अमेरिकेत गव्हर्नमेंट रेट म्हणतात तोबी ह्याच्यातनंच आलाय, तिथं जीएसए म्हणून सरकारी संस्था आहे ती दरवर्षी कुठल्या गावात मुक्कामाला किती रुपये, म्हणजे किती डॉलर, ते जाहीर करते आणि बरीच हॉटेलं तेवढ्यात खोली देतात. पण तिथंबी कंत्राटी माणसाला तो रेट हक्कानं मिळत नाही, हॉटेलच्या मर्जीवर असतं. तुमच्या बहिणीला जे झालं ते सगळीकडंच चाललंय, म्हणून ते बरोबर आहे असं मला वाटत नाही.

खानापूर तालुक्यातल्या, जांबोटीच्या पलीकडच्या दोन अंगणवाडी शिक्षिका एकदा रात्री आल्या. दिवसभर ट्रेनिंग, ते संपायला उशीर, स्टँडवर पोचेपर्यंत त्यांच्याकडची शेवटची बस गेलेली. एकीनं पिशवीतनं प्लास्टिकच्या कव्हरात घातलेलं पत्र काढलं, खाली शिक्का बरोबर होता, आणि म्हणाली, भाऊ, आम्ही दोघी एकाच खाटेवर झोपतो, एकीचंच भाडं घ्या. सरकारच्या हिशोबात त्या कर्मचारी नव्हेत, पगार नव्हे मानधन मिळतंय त्यांना, पण गावातल्या पोरांची वजनं, गरोदर बायकांची नोंद, सर्व्हे, निवडणुकीची यादी, हे सगळं काम कुणाचं आहे मग? मी त्यांना सगळ्यात कमी रेट लावला आणि मालकांना सकाळी सांगितलं, ते काही बोलले नाहीत. त्या दिवसापासनं आमच्याकडं अंगणवाडी, आशा, अतिथी शिक्षक, कंत्राटी नर्स, अनुदानित शाळेचे मास्तर, कामाचं पत्र असलं की सगळ्यांना एकच रेट.

ह्याच्या उलटबी बघितलंय. एका खात्याचे साहेब (खात्याचं नाव नको) घरच्या लग्नाला आलेले, एसी खोली अर्ध्या दरात पाहिजे म्हणून कार्ड आपटून भांडले, दिली, आणि जाताना म्हणतात बिल मात्र पूर्ण रेटचं करा, दौरा म्हणून दाखवायचं होतं त्यांना. मी नाही म्हणून सांगितलं. अशा माणसांमुळंच हॉटेलवाले सरकारी कार्ड बघितलं की कपाळाला आठ्या घालतात आणि मग खरा गरजू माणूस त्यात मरतो. आणि काही जण एलटीसीवर, म्हणजे सुट्टीतल्या प्रवासाच्या सवलतीवर, आलोय म्हणून रेट मागतात, पण एलटीसीत सरकार फक्त प्रवासाचं भाडं देतं, हॉटेलचं देत नाही, ती सुट्टीच झाली.

डिसेंबरात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन लागलं की आमच्या गावात हे सगळं एकदम दिसतंय. हलग्याजवळ त्यासाठी सुवर्ण विधानसौध ही इमारत 2012 मधे झाली, तेव्हापासनं अधिवेशनाच्या दिवसांत बरी बरी हॉटेलं आमदार आणि अधिकाऱ्यांसाठी आधीच बुक होतात. बंदोबस्ताला कुठनं कुठनं आलेले पोलीस मात्र मंगल कार्यालयात नाहीतर तंबूत, आणि डिसेंबरची बेळगावची थंडी काय असते ते इथल्यांना विचारा. सर्किट हाऊस, आयबी (इन्स्पेक्शन बंगला) ह्या सरकारच्याच जागा, भाडं कमी, पण मंत्र्यांचा दौरा लागला की क्लार्कचं बुकिंग पहिलं उडतं. जिथं सरकारी जागेतच लहान माणसाला जागा नाही तिथं सवलतीची यादी करताना खालनं सुरुवात करायला पाहिजे असं मला मनापासनं वाटतंय.

आमच्या सीमाभागात आणि एक भानगड असते. चंदगड, गडहिंग्लज, सावंतवाडी, दोडामार्गकडनं महाराष्ट्राचे कर्मचारी इथं येतात, कोर्टात साक्षीला, तपासाला, कुणी आरोपीच्या मागावर आलेला पोलीस असतो. कार्डावर महाराष्ट्र शासन दिसलं की काही ठिकाणी "फक्त कर्नाटक आणि सेंट्रल" म्हणतात. का? रात्री जागून काम करणारा हवालदार निपाणीच्या अलीकडचा काय आणि पलीकडचा काय. पत्र मराठीत असूदे नाहीतर कन्नडमधे, आमच्या काउंटरची पोरं दोन्ही वाचतात.

सुट्टीवर असूनबी सवलत द्यावी असे माझ्या मते फक्त फौजेतले जवान आणि त्यांचे आईबाप. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर इथंच आहे, ट्रेनिंग संपल्यावर जवान शपथ घेतात त्या कसम परेडला पोराचे आईबाप सातारा, सांगली, कोल्हापूरकडनं येतात, फेटा बांधलेला बाप आणि डबा घेतलेली आई, त्यांच्याकडं कुठलं आयकार्ड असणार, परेडचा निरोप फोनमधे दाखवतात तेवढाच, आणि त्यांना तो पुरे झाला पाहिजे.

बँक, एलआयसीवाल्यांची स्वतःची हॉलिडे होम आणि कंपनी रेट असतात, आमदारांना भत्ते आहेत, त्यांना ह्यात कशाला घालायचं. एसटी आणि कर्नाटकच्या केएसआरटीसीचे ड्रायव्हर-कंडक्टर महामंडळाचे म्हणून बाद करतात ते मात्र चूक, रात्रभर गाडी चालवलेल्या माणसाला झोप पाहिजे का नको?

तुमच्या बहिणीला सांगा, पुढच्या वेळेला ॲपवरनं बुक करू नको. ॲपला कमिशन जातं आणि तिथं एकदा रेट ठरला की काउंटरवाल्याच्या हातात काही राहत नाही. सरळ हॉटेलला फोन करायचा, आज ड्युटीवर येणार आहे, ट्रेनिंगचं पत्र किंवा ओओडी लेटर (ड्युटीवर बाहेर पाठवल्याचं पत्र) आहे, गव्हर्नमेंट रेट काय आहे असं आधीच विचारायचं, हो म्हटलं तर व्हॉट्सॲपवर रेट लिहून मागायचा आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेवायचं. पत्रावर तारीख, गाव आणि शिक्का असला पाहिजे, नुसतं कार्ड दाखवलं तर कंत्राटी शब्दावरच बोट ठेवतात. तरीबी नाही म्हटलं तर मालकांशी बोलायला मागा, काउंटरच्या पोराला तेवढा अधिकार नसतो, मालकाला असतो.