रशला जाणार असशील तर

अरे, रशला (अमेरिकेतल्या कॉलेजांत फ्रॅटर्निटी नवे मेंबर निवडतात, त्याला) जाऊ का म्हणून विचारलंस ना, तर जा, पण डोकं ठिकाणावर ठेवून. फ्रॅटर्निटी, म्हणजे ग्रीक अक्षरांच्या नावाचे ते पोरांचे क्लब, काही पांढऱ्या पोरांचीच मक्तेदारी नाहीये, देसी पोरांची डेल्टा एप्सिलॉन साय १९९८ ला ऑस्टिनमध्ये सुरू झाली, मुलींची कॅपा फाय गॅमापण तिथलीच, त्याच वर्षीची.

मी पुण्याहून आलेलो, एकटा पडलेलो, म्हणून घुसलो. बिगने (तिथे नव्या पोराला नेमून दिलेला सीनियर) ग्रीक अक्षरांचा हूडी दिला तो मी धुवायलासुद्धा काढायचो नाही, आणि दिवाळीला घरी फोन केला तर आई म्हणते, "सारखं आम्ही असं करतो, आम्ही तसं करतो, या आम्हीत आम्ही कुठायत रे?" चपापलोच. बोलणं, कपडे, कोणाबरोबर जेवायचं, कोणावर हसायचं, सगळं सहा महिन्यांत बदललं होतं आणि मला पत्ताच नाही (काही बदल चांगले होते हां, चारचौघांत बोलायला मी तिथेच शिकलो).

बिड (मेंबर व्हायचं आमंत्रण) घ्यायच्या आधी ड्यूजचा, म्हणजे वर्गणीचा, आकडा सरळ विचार, लाजू नको. हेझिंगवर, म्हणजे नव्या पोरांच्या रॅगिंगवर, २०२४ च्या शेवटी फेडरल कायदा झालाय, कॉलेजला दोषी ठरलेल्या ग्रुपांची माहिती जाहीर करावी लागते, ती बघ. प्लेज (पक्का मेंबर व्हायच्या आधीचा उमेदवार) असताना फोन काढून घेतला, जबरदस्ती पाजायला लागले तर त्याच रात्री बाहेर पड, ब्रदरहूड गेलं खड्ड्यात. आणि लॅबमधला तो तुझा मित्र आहे ना, त्याच्याबरोबरचं शुक्रवारचं जेवण बंद करू नकोस, मी केलं होतं.