चक्का वरट्टी घरी कशी करायची, ती आंबते का, आणि कशाकशात वापरतात?

तुमचे प्रश्न तीन आहेत: केरळची चक्का वरट्टी (गूळ-तुपात आटवलेला फणसाचा गर) घरी जमेल का, तुम्ही केलेलीला दोन महिन्यांत आंबूस वास का आला, आणि पोळीला लावण्यापलीकडे तिचं काय करायचं.

आधी नाव. मल्याळममध्ये चक्का म्हणजे फणस, श्रीखंडाच्या चक्क्याशी त्याचा संबंध नाही. वरट्टणं म्हणजे मंद आचेवर ढवळत कोरडं करत नेणं. तुमच्या आंबूस वासाचं कारणही त्यातच आहे: पाणी पुरतं आटलं नव्हतं. साखरेचं प्रमाण दाट असलं की बुरशीला आणि यीस्टला वापरता येईल असं पाणी उरत नाही. तो दाटपणा आला नाही, तर वरून कितीही तूप ओता, आत आंबणं चालूच राहतं.

फणस कापा जातीचा, म्हणजे घट्ट गऱ्यांचा घ्या. केरळात त्याला वरिक्का म्हणतात, आणि आपल्या बरक्यासारखा लिबलिबीत तो कूळा. बरक्याचीही वरट्टी होते, पण गर चाळणीतून गाळावा लागतो, नाहीतर तंतू दातात अडकतात. फळ पूर्ण पिकलेलं हवं. अर्धकच्च्या गऱ्यांचा तुरट चिकटपणा गुळानेही जात नाही.

आठळ्या, त्यांच्यावरचा चिवट पापुद्रा आणि पांढरे तंतू काढून साफ केलेले गरे १ किलो, गडद रंगाचा गूळ ५०० ग्रॅम, साजूक तूप १०० ग्रॅम, सुंठ पूड १ चमचा, वेलदोडे ८-१०. फणस फार गोड असेल तर गूळ ४०० ग्रॅमपर्यंत कमी करा, त्याखाली जाऊ नका, कारण गूळ इथे टिकवण्याचंही काम करतो. फिकट पिवळा, चकचकीत गूळ नको. त्याने रंगही येत नाही आणि तो खमंगपणाही.

गरे चिरून अर्धा कप पाण्यात कुकरला २-३ शिट्ट्या करा आणि गार झाल्यावर पाणी न घालता वाटा. गूळ अर्ध्या कप पाण्यात विरघळवून गाळून घ्या. तळाशी वाळू निघतेच.

आता खरं काम. केरळात यासाठी काशाची जाड, पसरट उरुळी वापरतात. पसरट तोंडामुळे वाफ भराभर जाते आणि जाड बुडामुळे आच सारखी लागते. तुमच्याकडे जाड बुडाची स्टीलची किंवा कल्हईची पितळी कढई असेल तर चालेल. लोखंडी मात्र नको, रंग काळपट होतो. बऱ्याच घरांत गर आणि गूळ एकदमच चढवतात. माझं मत वेगळं आहे: आधी नुसता गर १५-२० मिनिटं परता, मग गुळाचं पाणी घाला. गूळ पाणी धरून ठेवतो आणि तळाला पटकन लागतो, म्हणून जेवढं पाणी त्याच्याआधी जाईल तेवढं बरं. गूळ पडल्यावर मिश्रण फटफट उडतं आणि त्याचा चटका वाईट बसतो. लांब दांड्याचा लाकडी कालथा घ्या, हाताला फडकं गुंडाळा, लहान मुलांना लांब ठेवा.

तूप एकदम नाही, दर ५-७ मिनिटांनी एकेक चमचा. सगळं मिळून सव्वा तास धरा. शेवटची वीस मिनिटं हात थांबवायचा नाही. तळाला लागलंच तर खरवडू नका, वरचं अलगद दुसऱ्या भांड्यात काढा. खरवडलं की करपट चव सगळ्यात उतरते.

झालं हे कसं ओळखायचं? कालथ्याने तळाशी रेघ ओढली तर ती मिटत नाही, गोळा कढईच्या कडा सोडतो, बाजूने तूप सुटतं आणि गार झालेला थेंब बोटांना न चिकटता वळता येतो. शंका असेल तर वजन करा (कढईचं वजन आधीच लिहून ठेवा): वरच्या मापात १ ते १.१ किलो भरायला हवं. १.३ भरलं तर पाणी अजून आहे. तुमची चूक बहुधा इथेच झाली. सुंठ-वेलची उतरवताना घाला.

पूर्ण गार झाल्यावरच कोरड्या काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत दाबून भरा. गरम असताना झाकण लावलं की वाफेचे थेंब खाली पडतात आणि तिथूनच बुरशी धरते. चमचा नेहमी कोरडा. पहिल्यांदा करत असाल तर सरळ फ्रिजमध्ये ठेवा. फार घट्ट झाली तर लागेल तेवढी काढून नारळाच्या दुधात गरम करा, सैल होते.

फणस उन्हाळ्यातला आणि ओणम ऑगस्ट-सप्टेंबरात, तेव्हा झाडावर पिकलेला फणस सहसा नसतो. बरणीतल्या वरट्टीमुळेच ओणमच्या पानात चक्का प्रथमन, म्हणजे नारळाच्या दुधातली फणसाची खीर, येऊ शकतं. १ कप वरट्टी २ कप पातळ नारळाच्या दुधात मोडून उकळा, दाटसर झाल्यावर आच बंद करून १ कप घट्ट पहिलं दूध घाला. त्यानंतर उकळी आली की ते फाटतं. वरून सुंठ, किंचित जिरेपूड आणि तुपात तळलेले ओल्या खोबऱ्याचे काप.

दुसरं, कुंबिळप्पम. भाजलेलं तांदळाचं पीठ २ कप, वरट्टी १ कप, खवलेलं खोबरं अर्धा कप, चिमूटभर जिरं, लागेल तसं कोमट पाणी. दालचिनीच्या कुळातल्या वयणा झाडाच्या पानाचा द्रोण करून त्यात भरायचं आणि २०-२५ मिनिटं वाफवायचं. वयणाचं पान मिळालं नाही तर हळदीचं वापरा. वास वेगळा येतो, पण पातोळ्यांवर वाढलेल्या जिभेला तो आवडेल. तांदळाच्या उकडीत खोबऱ्याबरोबर भरून केळीच्या पानात वाफवली की इल अडा. गरम डोशावर तुपासोबतही छान लागते.

परदेशात ताजा फणस मिळत नसेल तर पाकातल्या डबाबंद फणसापेक्षा साल काळी पडेपर्यंत पिकवलेली नेंद्र केळी (केरळची मोठी, जाड केळी) घ्या. वाफवून, मधला काळ्या बियांचा दोरा काढून वाटा. १ किलो गराला ३५०-४०० ग्रॅम गूळ पुरतो, बाकी कृती हीच.